वाटसरूचे पीठ आणि पाणी

घरी असताना अन्नाची निवड जीभ करते. वाटेला लागल्यावर ती निवड खांदे करतात. एका दिवसाच्या चालीपुरती भाकरी फडक्यात बांधून नेता येते, दोन दिवसांपुरती नेली तर ती वाळते, आणि पंधरा दिवसांच्या रानवाटेवर तर भाकरीचा विचारच सोडून द्यावा लागतो. अशा लांबच्या पायी प्रवासात अन्नाने तीन परीक्षांना उतरावे लागते. ते हलके असले पाहिजे, ते टिकले पाहिजे, आणि जेथे चूल पेटविणे कठीण तेथेही ते पोटात घालता आले पाहिजे. या तिन्ही परीक्षांना उतरणारी वस्तू जगातील निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या काळी शोधून काढली, आणि बहुतेकांनी ती एकाच रूपात शोधली. ते रूप म्हणजे पाण्यात कालवून घेण्याचे कोरडे पीठ.

आज दुकानांच्या फळ्यांवर पोषक पेयांच्या भुकट्यांचे रंगीबेरंगी डबे ओळीने मांडलेले असतात. हिमालयातील एखाद्या खिंडीकडे किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरून दूरच्या चालीला निघालेला तरुण त्या डब्यांपुढे उभा राहतो आणि यांतील कोणता न्यावा, या विचारात पडतो. प्रश्न नवा वाटतो. पण तो माणसाच्या पायपिटीइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर शोधताना माणसाने पुष्कळ अनुभव घेतला, काही वेळा प्राणांचे मोलही दिले. तो अनुभव पाहिला म्हणजे ध्यानात येते की, पिठाची चिकित्सा माणसाने बारकाईने केली, परंतु त्या पिठाचा जो दुसरा अर्धा भाग, म्हणजे पाणी, त्याचा विसर त्याला पुन्हा पुन्हा पडत गेला.

आपल्या देशात या पिठाचे नाव सक्तू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात शहाण्या माणसांच्या वाणीला चाळणीतून चाळलेल्या सक्तूची उपमा दिली आहे. उपमा द्यायची ती ऐकणाऱ्याच्या नित्य परिचयाच्या वस्तूची. तेव्हा त्या काळी हे पीठ घरोघर असले पाहिजे, हे उघड आहे. ते वाटेवरचेही अन्न होते, याची साक्ष बौद्ध वाङ्मयात मिळते. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्धाला पहिले अन्न दिले ते तपुस्स आणि भल्लिक या दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी, असे विनयपिटकात सांगितले आहे. आणि ते अन्न म्हणजे मंथ व मधाचे गोळे. मंथ म्हणजे भाजल्या धान्याचे पीठ. तांड्याबरोबर चाललेल्या माणसांच्या थैलीत जे होते, तेच त्यांनी पुढे केले. भारताच्या इतिहासातील एका थोर प्रसंगी वाटसरूची साधी शिदोरी अशी अकस्मात आपल्या नजरेस पडते.

मराठीत ‘सातू’ हा शब्द धान्यालाही लागतो आणि पिठालाही. महाराष्ट्रातील घरांत भाजलेले गहू आणि डाळे दळून केलेले सातूचे पीठ दुधात वा पाण्यात गूळ घालून कालवतात. बिहारमध्ये हरभऱ्याचे सत्तू मीठ, कांदा आणि लिंबू घालून पितात. तिबेटात भाजल्या जवाचे त्सांपा लोणी घातलेल्या चहात मळून खातात. नावे व चवी भिन्न असल्या तरी युक्ती एकच. धान्य भाजले की त्यातील ओलावा जातो, म्हणून ते हलके होते आणि टिकते. आणि ते आधीच शिजल्यासारखे झालेले असल्यामुळे वाटेत सरपण लागत नाही. चुलीचे काम घरीच उरकून घ्यायचे आणि वाटेत फक्त पाणी मिळवायचे, असा हा हिशेब आहे.

हाच हिशेब समुद्रापलीकडच्या लोकांनीही केला होता. रॉजर विल्यम्स या इंग्रज धर्मोपदेशकाने उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या भाषेवर 1643 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो भाजलेल्या मक्याच्या पिठाचे वर्णन करतो. सुमारे दोनशे माणसांबरोबर तो शंभरेक मैल अरण्यातून चालला, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर या पिठाची लहानशी टोपली होती आणि तेवढे पीठ एका माणसाला तीनचार दिवस पुरत असे. चमचाभर पीठ आणि ओढ्याचे चमचाभर पाणी यांवर आपण कित्येकदा जेवण भागविले, असे तो लिहितो. त्याच्याही पूर्वी, तेराव्या शतकात, मार्को पोलोने मोंगल स्वारांची रीत नोंदविली. प्रत्येक स्वार जवळ दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो, वाळविलेले दूध बाळगी. सकाळी त्यातील अर्धा पौंड कातड्याच्या बुधल्यात पाण्यासह टाकी, आणि दिवसभर घोड्याच्या चालीने ते घुसळून संध्याकाळी त्याचे पातळ पेय तयार होई.

या जुन्या वर्णनांत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. पीठ आले की तेथे ओढा आहे, बुधला आहे, चहा आहे. पिठाबरोबर पाणी गृहीतच धरलेले आहे. त्या वाटा पाण्याच्या कडेने जात, आणि जेथे पाणी नसे तेथे वाट नसे. पुढे माणूस पाणी नसलेल्या, किंवा पाणी असून ते दगडासारखे गोठलेले असलेल्या प्रदेशात शिरला, तेव्हा हा गृहीत धरलेला भाग हातचा सुटला.

तत्पूर्वी एकोणिसाव्या शतकात या पिठाला रसायनशास्त्राचा स्पर्श झाला. धान्याला मोड आणले की त्यात एक पाचक द्रव्य उत्पन्न होते आणि ते पिष्टाचे रूपांतर साखरेत करू लागते. मोड आणून वाळविलेल्या अशा धान्यालाच युरोपात माल्ट म्हणतात. आपल्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून केलेले सत्त्व तान्ह्या मुलांना देतात, तेही मुळात हेच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फॉन लीबिग याने 1860 नंतरच्या दशकात माल्ट, गव्हाचे पीठ आणि दूध यांचे बालकांसाठी अन्न सुचविले. पुढे इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या बंधूंनी 1873 पासून याच धर्तीच्या अन्नाचा धंदा मांडला, आणि 1883 साली विल्यमने दूध व माल्ट एकत्र आटवून केलेल्या भुकटीचे पेटंट मिळविले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आल्बर्ट वांडर याने 1904 साली माल्ट, दूध, अंडी आणि कोको यांची ओव्होमाल्टीन नावाची भुकटी काढली.

या भुकट्या मुळात बालकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी होत्या. परंतु आजाऱ्याच्या उशाशी जे गुण हवे, तेच गुण प्रवाशाच्या पाठपिशवीत हवे असतात. थकलेल्या पोटाला पचणारे, थोड्या जागेत मावणारे आणि नासणार नाही असे अन्न दोघांनाही लागते. म्हणून पाळण्याजवळची ही भुकटी थोड्याच वर्षांत ध्रुवप्रदेशाच्या घसरगाड्यांवर जाऊन बसली. विल्यम हॉर्लिक हा ध्रुवसंशोधनाचा आश्रयदाता झाला. अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड याच्या 1933 ते 1935 च्या मोहिमेत दक्षिण ध्रुवखंडावर सापडलेल्या एका पर्वतराजीला त्याचे नाव देण्यात आले. हिंदुस्थानात हे पेय पहिल्या महायुद्धानंतर, ब्रिटिश सैन्यातून परतलेल्या हिंदी शिपायांबरोबर आले, असे सांगतात. पुढे 1960 साली पंजाबात म्हशीच्या दुधापासून ते तयार करण्याचा कारखाना निघाला.

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीत या कोरड्या अन्नाची खरी कसोटी लागली. नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनने आपल्या गाड्यांवर मुख्यत्वे चारच पदार्थ घेतले होते: पेमिकन, बिस्किटे, चॉकलेट आणि दुधाची भुकटी. पेमिकन म्हणजे वाळविलेल्या मांसाची पूड चरबीत घोटून केलेले, उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे प्रवासी अन्न. आमुंडसेन 14 डिसेंबर 1911 रोजी ध्रुवावर पोचला आणि आपल्या चारही सोबत्यांसह सुखरूप परतला.

इंग्रजांच्या बाजूने रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेने अन्नाचा विचार केला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1911 च्या जून ते ऑगस्ट या ऐन ध्रुवीय हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विनची अंडी आणण्यासाठी पाच आठवड्यांच्या भयंकर प्रवासाला गेले, तेव्हा त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाने लोण्याचा वाटा जास्त घेतला, दुसऱ्याने पेमिकनचा, तिसऱ्याने बिस्किटांचा. कोणाला काय मानवते हे पाहून मग ध्रुवयात्रेचा शिधा ठरविण्यात आला. दर माणशी दररोज सुमारे 340 ग्रॅम पेमिकन, 454 ग्रॅम बिस्किटे, 85 ग्रॅम साखर, 57 ग्रॅम लोणी, आणि थोडा कोको व चहा. एकूण भार जवळजवळ एक किलो, आणि त्यातून मिळणारी उष्णता सुमारे साडेचार हजार कॅलरी. त्या काळच्या मानाने हा शिधा उत्तम होता.

तथापि स्वतः गाड्या ओढीत पठारावर चढणाऱ्या माणसाला दिवसाला सहा हजार कॅलरींहून अधिक लागतात, असा पुढच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या शिध्यात क जीवनसत्त्वाचाही जवळजवळ अभाव होता. त्या जीवनसत्त्वाचा शोधच तेव्हा लागलेला नव्हता. आणि तिसरी उणीव अधिक सूक्ष्म होती. परतीच्या वाटेवरील साठ्यांतून रॉकेलचे डबे अपेक्षेपेक्षा रिकामे निघाले. झाकणांच्या चामडी चकत्यांतून तेल उडून गेले होते. हिमप्रदेशात तेल केवळ अन्न गरम करीत नाही, ते पाणी निर्माण करते. तेल कमी म्हणजे बर्फ वितळविणे कमी, म्हणजे पिणे कमी. 17 जानेवारी 1912 रोजी ध्रुवावर पोचलेल्या त्या पाच जणांपैकी एकही परतला नाही. शेवटच्या तिघांचा तंबू पुढच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या अकरा मैलांवर होता. थंडी, वादळ, उपासमार आणि थकवा ही त्या मृत्यूंची कारणे म्हणून सांगितली जातात, आणि ती खरीच आहेत. पण जेथे चोहीकडे पाणीच गोठून पडले आहे, तेथे माणूस तहानेनेही खंगू शकतो, हा त्यातील धडा बराच काळ कोणी गिरविला नाही.

तो धडा पुढे आला एव्हरेस्टवर. 1952 च्या वसंतात स्विस मोहिमेतील रेमों लांबेर आणि आपले तेनसिंग नोर्के यांनी सुमारे 8,400 मीटर उंचीवर एका लहान तंबूत रात्र काढली. त्यांच्यापाशी झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. एका मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यात बर्फ धरून त्यांनी घसा ओला करण्यापुरते पाणी मिळविले. दुसऱ्या दिवशी, 28 मे रोजी, ते सुमारे 8,595 मीटरपर्यंत चढले. तेवढ्या उंचीवर तोपर्यंत कोणी गेल्याची निश्चित नोंद नव्हती. तेथून मात्र त्यांना परतावे लागले. प्राणवायूच्या उपकरणांनी नीट साथ दिली नाही हे एक कारण होते. शरीरातील पाणी आटले होते, हे दुसरे.

त्याच वर्षी एरिक शिप्टनच्या नेतृत्वाखाली चो ओयू शिखरावर गेलेल्या ब्रिटिश तुकडीबरोबर ग्रिफिथ प्यू नावाचा एक शरीरशास्त्रज्ञ होता. गिर्यारोहक काय खातात, किती पितात, किती श्वास घेतात, याची त्याने मोजदाद केली. उंचावरची हवा कोरडी असते. धापा टाकणारा माणूस प्रत्येक उच्छ्वासाबरोबर आपल्या शरीरातील पाणी बाहेर टाकीत असतो, आणि थंडीमुळे त्याला तहान मात्र लागल्यासारखी वाटत नाही. प्यूचा निष्कर्ष साधा होता. उंचावर माणसाला दिवसाकाठी निदान तीन लिटर द्रव मिळालाच पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे स्टोव्ह व इंधन हे ओझे नसून शिध्याचाच भाग समजले पाहिजे. उंचावर भूक मरते, तेलकट अन्न नकोसे होते, पण गोड पेय घशाखाली उतरते, हेही त्याने हेरले.

1953 च्या मोहिमेत या निष्कर्षाप्रमाणे तजवीज झाली. लिंबाच्या पेयाची भुकटी, साखर, कोको आणि ते विरघळविण्यापुरते पाणी करणारे स्टोव्ह वरच्या तळांपर्यंत पोचविण्यात आले. 28 मे च्या रात्री सुमारे 8,500 मीटरवरच्या तंबूत एडमंड हिलरी आणि तेनसिंग यांनी भरपूर साखर घातलेले गरम लिंबूपाणी पुष्कळ प्रमाणात पिऊन घेतले. दुसऱ्या दिवशी ते शिखरावर उभे होते. त्या यशाला अनेक हात लागले होते. पण तेनसिंगपुरते पाहिले तर दोन वर्षांच्या दोन रात्रींतील एक अंतर डोळ्यांत भरते. एका रात्री त्याच्यापाशी मेणबत्ती होती, दुसऱ्या रात्री स्टोव्ह होता.

पाणी प्याले पाहिजे, एवढे आता ठरले. पण प्यालेले पाणी शरीरात मुरते कसे? या प्रश्नाचे उत्तर 1960 साली प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडले. आतड्याच्या भिंतीतून साखर आत जाते ती मिठातील सोडियमला बरोबर घेऊन. आणि त्या दोहोंच्या मागोमाग पाणी ओढले जाते. अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठाच्या रॉबर्ट केड याने 1965 साली घामाघूम होणाऱ्या खेळाडूंसाठी साखर-मिठाचे पेय तयार केले, आणि त्यातून खेळाडूंच्या पेयांचा प्रचंड व्यापार उभा राहिला. परंतु या ज्ञानाचा सर्वांत मोठा विनियोग झाला तो आपल्याच देशात, आणि तोही पायी चालून आलेल्या माणसांसाठी.

1971 साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची भुकटी पुड्यांतून बांधविली आणि ती पिण्याच्या पाण्यात विरघळवून रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच त्यांना पाजविली. प्रमाण साधे होते: लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. शंभरांत सुमारे तीस जण दगावत होते, तेथे ते प्रमाण चारांच्याही खाली आले. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1978 साली या उपचारामागील शोधाचा गौरव शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती असा केला. डॉ. महालनबीस 2022 साली निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. वाटसरूच्या पिठाच्या इतिहासात या पुडीइतके स्वस्त आणि इतके प्राण वाचविणारे पीठ दुसरे नाही.

आता पुन्हा त्या दुकानाच्या फळीकडे वळावे. इतिहासाने दिलेली मापे हातात असली की निवड फारशी अवघड राहत नाही. ग्रॅमभर स्निग्ध पदार्थातून सुमारे नऊ कॅलरी मिळतात. ग्रॅमभर साखरेतून, पिष्टातून किंवा प्रथिनातून सुमारे चार. म्हणून माल्टच्या महाग भुकटीत आणि साध्या सत्तूत शंभर ग्रॅममागे मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच, सुमारे साडेतीनशे ते चारशे कॅलरी, असते. साय न काढलेल्या दुधाची भुकटी स्निग्धांशामुळे पाचशेच्या घरात जाते. तिबेटी माणूस त्सांपात लोणी का मिसळतो, याचे उत्तर येथे सापडते. भेद आहे तो वेगाचा. माल्टमधील साखर रक्तात लवकर उतरते, ती चढणीच्या पायथ्याशी उपयोगी. सत्तूतील पिष्ट, प्रथिने आणि चोथा सावकाश पचतात, ते मुक्कामाला आणि सकाळच्या न्याहारीला बरे. डब्यावरच्या शब्दांपेक्षा डब्यामागच्या आकड्यांवर भिस्त ठेवावी, हे सांगायला नकोच. 2024 साली भारत सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘आरोग्यपेय’ या वर्गातून काढण्याची सूचना केली, ती कायद्यात त्या शब्दाची व्याख्याच नसल्यामुळे.

मात्र या साऱ्या भुकट्या अन्न आहेत, पाणी नव्हेत. दाट कालविलेले पेय पोटात रेंगाळते आणि तहान भागवीत नाही. चालता चालता प्यायचे पेय पातळ हवे, लिटरमागे साधारण साठ ग्रॅम साखरेपर्यंतचे. आणि उन्हात तासन्‌तास घाम गळत असेल तर त्यात चिमूटभर मीठही हवे. उलट, मीठ न घेता नुसते पाणीच अतोनात पीत राहिले तर रक्तातील सोडियम घटून माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी दगावतोही. जुलाब लागले असतील तेव्हा चवीचे कोणतेही पेय कामाचे नाही. तेथे प्रमाणशीर बांधलेली जलसंजीवनीची पुडीच हवी, आणि ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायला हवी. म्हणून शहाणा पदयात्री निघण्यापूर्वी प्रथम नकाशावरचे झरे आणि विहिरी मोजतो, त्यावरून किती पाणी उचलावे लागेल ते ठरवितो, आणि मग उरलेल्या ओझ्यात पीठ बसवितो.

बुद्धासमोर आपली थैली उघडणाऱ्या त्या दोघा व्यापाऱ्यांना कॅलरी ठाऊक नव्हत्या आणि सोडियमही ठाऊक नव्हते. पण त्यांच्या पिठाचे नावच मंथ होते, म्हणजे घुसळलेले, कशात तरी कालवलेले. पीठ एकटे पोटात जात नाही, हे त्या नावातच सांगून ठेवलेले होते. विज्ञानाने अडीच हजार वर्षांनंतर त्या नावाचा अर्थ आकड्यांत लिहून दिला आहे, आणि पाठीवर पिशवी टाकून वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाने तो निघतानाच वाचून घ्यावा हे बरे.